कन्सोलची चाळिशी: नोंद तिसरी

शनिवार रात्र. तपकीर गल्लीतून आणलेल्या केबलनं जुना डेस्कटॉप एकदाचा 1920 बाय 1080 पिक्सेलच्या मॉनिटरला जोडला. डेबियन लिनक्स, खिडक्या-आयकॉनवाला डेस्कटॉप वगैरे काही नाही, नुसता काळा कन्सोल, म्हणजे आज्ञा टाइप करायचा पडदा. अक्षरं 8 बाय 16 ची, म्हणजे 240 रकाने आणि 67 ओळी. मावतं भरपूर, पण चाळिशी लावूनही नाक काचेला टेकतं.

आधी आळशीपणा केला. हॉलमधून लॅपटॉपवरून एसएसएच केलं, म्हणजे नेटवर्कवरून त्या मशीनमध्ये शिरलो, आणि सुडो (प्रशासकाचे अधिकार) न लावता सेटफॉन्ट ही कन्सोलचा फॉन्ट बदलायची आज्ञा चालवली. कन्सोलच मिळत नाही, अशी तक्रार आली. बरोबरच आहे, ही आज्ञा खऱ्या कन्सोलसाठी आहे आणि एसएसएचचं टर्मिनल म्हणजे तोतया. उठून मशीनसमोर बसलो, टर्मिनस नावाच्या फॉन्टचा 16 बाय 32 आकार लावला. आई सोफ्यावरूनच म्हणाली, "अरे, हे तर मलाही इथनं दिसतंय!"

रविवार. रीबूट केलं, पुन्हा मुंग्या. सेटफॉन्टचं काम तेवढ्यापुरतं असतं, हे दरवेळी विसरतो. कायमचं हवं तर डीपीकेजी-रीकॉन्फिगर ही सेटिंग पुन्हा विचारणारी आज्ञा लावून कन्सोल-सेटअपचे प्रश्न सोडवायचे: कॅरेक्टर सेट, फॉन्ट, आकार. बूटच्या पहिल्या काही ओळी तरीही बारीकच येतात, कारण तोवर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःचाच फॉन्ट वापरतो. त्या तशाही कोण वाचतंय!

पण 16 बाय 32 वर मन बसेना. रकाने उरतात 120. टीमक्समध्ये (एकाच पडद्याचे भाग करणारा प्रोग्राम) पडदा उभा दुभागला की प्रत्येकी साठाच्या आसपास, आणि लॉगची (मशीनच्या नोंदींची) प्रत्येक ओळ मोडते. शेवटी 12 बाय 24 वर आलो: 160 रकाने, 45 ओळी. मधली रेघ एक रकाना खाते, म्हणून एका बाजूला 80, दुसरीकडे 79. माझ्या मते या मॉनिटरला हाच आकार. मोठं अक्षर म्हणजे वाचायला सोपं अक्षर, असं काही नसतं.

बुधवार. रंग. एलएस या फाईलींची यादी दाखवणाऱ्या आज्ञेतले फोल्डर काळ्यावर जांभळट-निळे दिसायचे, डोळे ताणावे लागायचे. सेटव्हीटीआरजीबी या कन्सोलचे रंग बदलणाऱ्या आज्ञेला द्यायच्या फाईलमध्ये तीन ओळी असतात, लाल, हिरवा, निळा, आणि प्रत्येकीत 16 आकडे. फोल्डरांचा ठळक निळा प्रत्येक ओळीत तेराव्या जागी: 85, 85, 255. तिथे 130, 170, 255 केलं. पहिल्यांदा शून्यापासून मोजण्याच्या सवयीनं बाराव्या जागीच खुपसलं आणि ठळक पिवळ्याचं वाटोळं केलं. नशीब, त्याच आज्ञेला नुसतं 'व्हीजीए' दिलं की मूळ रंग परत येतात.

एक दुखणं मात्र राहिलंच. आईच्या पाककृतींच्या फोल्डरात 'गोडा मसाला' नावाची फाईल आहे. कन्सोलवर तिच्या जागी एकच अनोळखी खूण ओळीनं उभी. फॉन्टमध्ये जास्तीत जास्त 512 चिन्हं आणि प्रत्येकाला ठरलेला चौकोन, त्यात आपली काना-मात्रा कुठे बसणार? शनिवारी केएमएसकॉन हा पर्यायी कन्सोल लावून बघतो. तोवर ती फाईल टॅब दाबत (त्यानं नाव आपोआप पूर्ण होतं) अंदाजानं उघडतोय.