सिंथच्या आर्पेजिएटरमधून रूपक काढताना

सिंथ (सिंथेसायझर) घेऊन दीड वर्ष झालं पण त्यातल्या आर्पेजिएटरकडं, म्हणजे दाबून धरलेले सूर आपोआप एकामागून एक वाजवणाऱ्या सोयीकडं, मी कधी नीट बघितलंच नव्हतं, चार सूर दाबायचे, बटण ऑन करायचं आणि ते पळायला लागलं की खूश. यंदा आमच्या ग्रुपची एकांकिका बसत होती, तिच्यात एका प्रवेशाला तबल्यावर रूपक ताल आणि त्याच्यासोबत सिंथचा एक फिरता पॅटर्न असं ठरलं, तेव्हा पहिल्यांदाच मला पाहिजे तोच पॅटर्न मशीनकडून काढून घ्यायची वेळ आली. तीन संध्याकाळी गेल्या त्यात. दुसऱ्या कुणाच्या तरी वाचतील म्हणून सगळं लिहितोय.

पॅटर्न डोक्यात पक्का होता. भूप रागाचे सूर, सात मात्रा, 3-2-2 चे भाग: सा – प, ग –, ध प. दुसऱ्या आणि पाचव्या मात्रेला गप्प बसायचं. हातानं वाजवायला सोपाय, पण प्रवेश सहा मिनिटांचा आणि माझे दोन्ही हात फिल्टर फिरवायला आणि मधले आवाज सोडायला मोकळे पाहिजे होते.

पहिल्या संध्याकाळी मंगळवार पेठेतल्या तालमीच्या खोलीत बसलो, बाहेर पाऊस धो धो. सा ग प ध दाबून ठेवले, आर्प ऑन केला तर नुसती धावाधाव, कारण स्पीड 1/16 वर होता. एका मात्रेला एकच स्टेप (पॅटर्नमधली एका सुराची जागा) पाहिजे म्हणून तो 1/4 वर आणला आणि टेम्पो 96. मग स्टेपची संख्या 8 वरनं 7 केली आणि ऐकलं, तर काही म्हणजे काही फरक नाही! परत 8, परत 7, सेम. मला वाटलं मशीनच बिघडलंय. अर्ध्या तासानं डोक्यात उजेड पडला की सगळ्या स्टेप चालू असतील तर सात असू देत नाहीतर आठ, कानाला एकामागून एक सूरच ऐकू येणार, त्या सातांचा आकार दिसायला मधे कुठंतरी गॅप पाहिजे. म्हणून 2 आणि 5 नंबरच्या स्टेप बंद केल्या. तरी गॅप ऐकू येईना, कारण आवाजाचा रिलीज, म्हणजे सूर सुटल्यावर विरायला लागणारा वेळ, लांब होता आणि आधीचा सूर त्या मोकळ्या जागेत सांडत होता. रिलीज जवळजवळ शून्यावर घेतला, गेट (स्टेपचा किती भाग सूर वाजायचा ते) 40 च्या आसपास ठेवला, तेव्हा कुठं मोकळ्या मात्रा मोकळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी तबल्याचे काका आले. पाच मिनिटं ते ठेका धरून होते, मग थांबले आणि म्हणाले, "अरे, तुझा सा पहिल्या समेवर येतोय आणि मग एकदम पाचव्या आवर्तनाला. मधली तीन आवर्तनं तो कुठं फिरतोय?" सम म्हणजे आवर्तनाची, तालाच्या एका फेरीची, पहिली मात्रा. बोटांवर मोजून सांगितलं त्यांनी. आणि तिथंच सगळं कोडं सुटलं. आर्पेजिएटरमधे दोन चाकं असतात, एक सुरांचं आणि एक स्टेपचं, आणि ती एकमेकांना विचारून फिरत नाहीत. माझ्या मशीनवर बंद स्टेप सूर खात नाही, सूर पुढच्या चालू स्टेपसाठी थांबून राहतो. म्हणजे एका आवर्तनात वाजणाऱ्या स्टेप पाच आणि माझे सूर चार. दुसऱ्या आवर्तनाची सम ग वर, तिसऱ्याची प वर, चौथ्याची ध वर, आणि वीस सूर वाजल्यावर सा परत समेवर. कुठल्या मशीनवर बंद स्टेप सूर खात असेल तर गणित वेगळं बसेल, पण मोजायचं हेच. ऐकायला ते वाईट नाही, एखाद्या ठिकाणी मुद्दाम वापरावं असं आहे, पण आम्हाला प्रत्येक समेला सा पाहिजे होता. त्याला एकच उपाय, वाजणाऱ्या स्टेप जितक्या तितकेच सूर.

पाच सूर पाहिजेत आणि पॅटर्नमधे प दोनदा येतो. एक की दोनदा कशी दाबून ठेवणार? म्हणून शेवटचा प मी खालच्या सप्तकातला घेतला, आणि खरं सांगतो, मूळ पॅटर्नपेक्षा तो छान लागला, मंद्र पंचमावरनं परत सा वर येताना एक ओढ तयार झाली. पण मोड "अप" होता, त्यामुळं मशीननं सगळ्यात खालचा सूर म्हणून तो मंद्र प च उचलून समेवर ठेवला. आर्पेजिएटरची जुनी सवयच तशी, 1982 च्या रोलँड जुनो-60 वर वर, खाली आणि वर-खाली असे तीनच मोड होते, म्हणजे सूर उंचीनं लावायचे एवढंच त्याला ठाऊक. नशिबानं माझ्याकडं ज्या क्रमानं दाबाल त्या क्रमानं वाजवणारा मोड आहे. तो लावला आणि सा, प, ग, ध, मंद्र प असे ओळीनं दाबले. तरी पॅटर्न एक आवर्तन सरळ आणि एक आवर्तन वरच्या सप्तकात जायला लागला, तर ऑक्टेव्ह रेंज 2 वर राहिली होती. ती 1 केली.

राहिला प्रश्न सुरुवातीचा. पाच की ओळीनं दाबेपर्यंत पहिली दाबल्या दाबल्या पॅटर्न सुरू होतो आणि पहिलं आवर्तन सगळं विस्कटतं. म्हणून लॅच (बोटं उचलली तरी सूर धरून ठेवणारं बटण) चालू केलं, एक बोट सा वर धरून बाकीचे एकेक जोडले, आणि क्लॉक एक्स्टर्नल केला, म्हणजे टेम्पो बाहेरच्या यंत्राकडून घ्यायचा. लॅपटॉपवरनं मिडी क्लॉक (टेम्पोचे टिक पाठवणारा सिग्नल) येत नाही तोपर्यंत मशीन गप्प, सूर मात्र लक्षात ठेवून बसलेलं. क्लॉक सुरू केला की पहिल्या स्टेपपासून बरोबर सा. मिडी क्लॉक एका क्वार्टर नोटला 24 टिक पाठवतो, माझी मात्रा म्हणजे एक क्वार्टर, त्यामुळं टेम्पो फक्त लॅपटॉपवर बदलायचा, सिंथला हात लावायचा नाही.

तिसऱ्या संध्याकाळी सगळं जुळलं असं वाटत होतं, पण काकांचं समाधान होईना. "सम जड लागतीय," म्हणाले. रूपकाची सम खालीची, म्हणजे टाळीची नाही, हलकी, ती ती ना धी ना धी ना, डग्गा पहिल्यांदा घुमतो तो चौथ्या मात्रेला, आणि माझा सा पहिल्याच मात्रेला सगळ्यात जोरात. आर्पमधे स्टेपला वेगळा जोर द्यायची सोय माझ्याकडं नाही, पण प्रत्येक की किती जोरात दाबली ते तो धरून ठेवतो. मग लॅच सोडलं आणि परत दाबलं, सा अगदी हलका, प मध्यम, ग जोरात, ध जोरात, मंद्र प परत हलका. चौथ्या आणि सहाव्या मात्रेच्या टाळीवर ग आणि ध उठून आले आणि सम तबल्याच्या "ती" बरोबर अलगद गेली. पाच-सहा वेळा दाबून बघितलं तेव्हा जोर बरोबर बसला.

काका बराच वेळ वाजवत राहिले, मी फिल्टर हळूहळू उघडत गेलो. मग त्यांनी विचारलं झपताल होईल का यात. दहा मात्रा आठ स्टेपमधे मावत नाहीत, पण झपताल 2-3-2-3 म्हणजे पाचाच्या दोन फेऱ्या, स्टेप 5 केल्या की जमेल. पुढच्या रविवारी ते बसवायचंय.