आमची वाटचाल: गिरगावच्या चाळींपासून ओव्हलच्या गच्चीपर्यंत

आमची सुरुवात गिरगावातल्या चाळींच्या दुरुस्तीने झाली. गळकी कौलं, कुजलेले वासे, पावसाळ्याआधीचं वॉटरप्रूफिंग. इंटिरिअरची कामं पुढे मिळत गेली, पण सवय तीच राहिली: आधी ओल शोधायची, मग रंग ठरवायचा.

ओव्हल मैदानासमोरच्या एका आर्ट डेको (भौमितिक नक्षी आणि गोलाकार वळणांची शैली) इमारतीतलं गच्चीवरचं घर हाती आलं, तेव्हा ही सवय फार उपयोगी पडली. मालकांना घरात निसर्ग हवा होता. गच्चीवर हिरवळ, मोठी झाडं, दिवाणखान्यात झाडांची भिंत. पण या इमारती १९३० च्या दशकात समुद्रात भर घालून केलेल्या बॅकबेच्या जमिनीवर उभ्या राहिल्या. खाऱ्या हवेत काँक्रीटमधली सळई गंजते, फुगते आणि वरचं काँक्रीट उकलायला लागतं. अशा स्लॅबवर फूटभर ओली माती टाकायची म्हणजे चौरस मीटरमागे साधारण अर्धा टन ओझं! स्ट्रक्चरल इंजिनिअर साफ नाही म्हणाले. जुन्या भिंतीला कायम ओली पाठ लावणारी हिरवी भिंत आम्हालाही कधीच पटलेली नाही.

मग आम्ही मालकांना त्यांचीच इमारत दाखवली. रेलिंगमधल्या लाटा, फाटकावरची सूर्यकिरणं, खिडक्यांवरचे गोलाकार छज्जे. पूर्वेला मैदान, पश्चिमेला समुद्र. निसर्ग तिथे होताच, फक्त मधल्या काळात कुणीतरी घातलेल्या प्लायच्या पार्टिशन्सनी तो अडवला होता. ती काढली आणि समुद्रावरचा वारा थेट मैदानाकडच्या खिडक्यांपर्यंत पोचला. ॲल्युमिनियमचे स्लायडिंग लावायचे नाहीत, यावर आम्ही ठाम राहिलो. आमच्या सुतारांनी जुन्या खिडक्यांचे रंगाचे थर खरवडले, तर आत उत्तम सागवान निघालं. ओव्हलचा हा परिसर २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, त्यामुळे दर्शनी भागाला हात लावायचा प्रश्नच नव्हता. तसा नियम नसता तरी आम्ही लावला नसता.

गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (पाणी अडवणारा विटांच्या तुकड्यांचा थर) नव्याने करून वर पांढरा चायना मोझॅक (चिनी मातीच्या लाद्यांचे तुकडे) बसवला. ऊन परतवतो, खालच्या खोल्या कमी तापतात. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या हलक्या कुंड्या बीमच्या रेषेत मांडल्या. झाडं खारा वारा सोसणारीच निवडली: कोयनेल, मर्यादवेल, कोरफड.

या कामानंतर दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारतींतून बोलावणी येऊ लागली. पाहणीला आम्ही शक्यतो भर पावसातच जातो. गच्चीचं पाणी कुठे तुंबतं, भिंत कुठे ओल धरते, हे तेव्हाच नीट कळतं.