वादळ यावं असं वाटतं का हो तुम्हाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं तुम्ही कधीपासून विचारताय, लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, ऑफिसच्या कॅन्टीनला, आणि अरबी समुद्रात काहीतरी गोल फिरायला लागलं की जरा जास्तच. आधी एक प्रश्न येतो, "मुंबईला येणार का?" त्याचं उत्तर मिळालं की मग हळूच, जरा हसत दुसरा, "पण तुम्हा लोकांना आलेलं हवंच असतं ना?" पहिल्याचं उत्तर हवामान खातं माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं देतं, वादळ असलं की दर तीन तासांनी बुलेटिन काढतात ते, तेव्हा तो सोडून देऊ. दुसऱ्याबद्दल बोलते.

समुद्रात आहे तोवर, हो, हवं असतं. खोटं कशाला बोलू.

आता "तुम्हा लोकांना" म्हणजे कोणाला, तर पगार न घेता ढग बघणाऱ्यांना. आमच्यात बँकेतले आहेत, रिटायर्ड मास्तर आहेत, कॉलेजची पोरं तर खूपच, आणि मी मुलुंडला राहणारी, अकाउंट्स बघणारी बाई. गच्चीवर पर्जन्यमापक ठेवलाय, रोज सकाळी साडेआठला वाचायचा, कारण खात्याचा चोवीस तासांचा पाऊसही साडेआठ ते साडेआठ असाच मोजतात, नाहीतर कुलाबा-सांताक्रूझच्या आकड्यांशी आपला आकडा लावून बघता येत नाही. सोसायटीतल्या लोकांना आधी वाटायचं मी गच्चीवर काहीतरी तोडगा वगैरे ठेवलाय. असो.

वादळाच्या दिवसांत आमचं रात्रीचं गणित असं असतं की संध्याकाळी साडेपाचच्या निरीक्षणांवर युरोपियन मॉडेलचा, म्हणजे हवामानाचा अंदाज काढणाऱ्या कॉम्प्युटरच्या गणिताचा, जो रन निघतो, ज्याला आम्ही ट्वेल्व्ह झेड म्हणतो, तो आपल्याकडे रात्री सव्वाअकरानंतर दिसायला लागतो. अमेरिकेचं जीएफएस हे मॉडेल त्याच्या आधी दोनेक तास येऊन गेलेलं असतं आणि त्याने बहुतेक वेळा काहीतरी भयंकर दाखवलेलं असतं. मग युरोपियन काय म्हणतंय ते बघायला जागायचं. घरच्यांच्या मते हे वेडच आहे आणि दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये उभ्या उभ्या डुलक्या काढताना मलाही तसंच वाटतं, पण त्या रात्री उठवत नाही हे खरं.

आणि ही जागरणं मे-जूनला आणि मग ऑक्टोबर-नोव्हेंबरलाच का, जुलैत का नाही? भर पावसाळ्यात खाली नैऋत्येचा जोरदार वारा आणि वर दहा-बारा किलोमीटरवर पूर्वेकडून येणारा वारा, दोघं उलट दिशांनी ओढतात आणि वादळाचं डोकं धडावर राहत नाही. परतीचा पाऊस गेला, मुंबईतून जायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर, की ही ओढाताण कमी होते. समुद्र तर तापलेलाच असतो, वादळाला साधारण २६.५ अंशांचं पाणी लागतं आणि अरबी समुद्र तेवढा आरामात देतो. आपण इथे ऑक्टोबर हीटच्या नावाने बोटं मोडत असतो तेव्हा तिकडे लक्षद्वीपच्या आसपास एखादा कमी दाबाचा पट्टा जमून येतो, वाऱ्याने ताशी ३१ किलोमीटर गाठले की तो डिप्रेशन, ६२ च्या वर गेला की चक्रीवादळ, आणि मगच त्याला नाव.

वादळाकडे इंजिन असतं पण स्टिअरिंग नसतं, एवढं लक्षात ठेवलंत तरी बातम्या बघताना निम्मी भीती जाईल. ते जाणार कुठे हे आजूबाजूची हवा ठरवते. उत्तरेला जास्त दाबाचा डोंगर बसलेला असेल तर वादळ पश्चिमेला सरकत ओमान-येमेनकडे जातं, आणि पश्चिमेकडून एखादा थंड हवेचा झोत खाली उतरला की वळून गुजरातकडे. मुंबई या दोन वाटांच्या बेचक्यात असल्यामुळे बऱ्याचदा सुटते. बऱ्याचदा म्हटलं हं, नेहमी नाही, १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये सुटली नव्हती. (त्याच्याही आधी १८८२ मध्ये मुंबईत वादळाने लाखभर माणसं गेली असं जे फॉरवर्ड फिरतं ना, ते वादळ झालंच नव्हतं. त्या वेळच्या वर्तमानपत्रांत नाही, सरकारी कागदांत नाही, कुठेच नाही. तरी दरवर्षी येतंच ते.)

तर युरोपियन मॉडेल एकदा नाही, थोडा थोडा फरक करून ५१ वेळा चालवतात, आणि ५१ रेषा नकाशावर नूडल्ससारख्या पसरलेल्या दिसतात. लोक मला स्क्रीनशॉट पाठवून विचारतात, यातली कुठली मुंबईवरून जातेय. आणि माझं म्हणणं इथेच आहे, म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे, की रेषा म्हणजे वादळ नाही. रेषा म्हणजे त्याचा मध्य कुठून जाईल एवढंच. पाऊस, वारा, लाटा त्या रेषेपासून शेकडो किलोमीटर लांब पोचलेल्या असतात. मी जे हवं म्हणते ती रेषा. तुम्ही "वादळ चुकलं" म्हणता तेही रेषेलाच.

२०१९ चं क्यार वादळ घ्या. विधानसभेचा निकाल लागला २४ ऑक्टोबरला, सगळा महाराष्ट्र टीव्हीवर कोण कुठे पडलं ते बघत होता आणि त्याच दिवशी समुद्रात हे डिप्रेशन झालं, दुसऱ्या दिवशी वादळ, रत्नागिरीपासून साधारण २०० किलोमीटरवर. तिथून ते पश्चिमेला निघालं आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, २७ तारखेला, सुपर सायक्लोन झालं. २००७ च्या गोनूनंतर अरबी समुद्रातलं पहिलंच. मी फराळाचं ताट बाजूला ठेवून इन्सॅट उपग्रहाची चित्रं बघत बसले होते. सांगते तुम्हाला, इतकं देखणं होतं ते, मधला डोळा स्वच्छ, भोवती ढगांचा गच्च वेटोळा, आणि वर मुंबईपासून लांब लांब चाललेलं, म्हणजे बघायला काही अपराधी वाटायचं कारणच नाही. ओमानला पोचायच्या आधीच ते समुद्रात विरलं. त्याच्या मागोमाग महा आलं, तेही वळलं आणि गुजरातपर्यंत जाता जाता विझलं. दोन वादळं, दोन्ही चुकली. टीव्हीवर विषय संपला.

कोकणात तेव्हा भात कापणीला आलेलं होतं. माझं आजोळ श्रीवर्धनकडचं, मामाची थोडी शेती, थोडी वाडी. क्यारच्या पावसाने उभं भात आडवं झालं, कापून वाळत टाकलेलं होतं ते पाण्यात तरंगलं, आणि पाऊस थांबेना तेव्हा लोंब्यांना तिथेच कोंब फुटले. मामी फोनवर म्हणाली, "अगं ते वादळ ओमानला गेलं म्हणतात ना, मग हे काय आलंय?" तिकडे मराठवाड्यात, विदर्भात सोयाबीनचे ढीग भिजले त्याच दिवसांत. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला तर सरकारी भाषेत अतिवृष्टी, पण कापलेल्या भाताला ६५ लागत नाहीत, रोज वीस-वीस मिलिमीटर चार दिवस पडला तरी पुरतो.

ऑक्टोबरचं नाही पण 'निसर्ग' नावाचं वादळ सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ३ जून २०२०, लॉकडाऊन. आदल्या दिवसापर्यंत सगळ्या चॅनेलांचं म्हणणं एकच, मुंबई. ते अलिबागच्या दक्षिणेला दुपारी जमिनीवर चढलं, मुलुंडला पाऊस आणि वारा झाला, पण कल्पना केली होती तसं काही नाही, आणि संध्याकाळी बातमी आली, मुंबईवरचं संकट टळलं. टळलं कुठे, तर मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगरला. मामाचा फोन लागेना. टॉवर पडलेले, वीज तर पुढे कित्येक आठवडे नव्हती. वाडीतल्या पोफळी मधोमध मोडल्या होत्या, नारळ मुळासकट. श्रीवर्धनची रोठा सुपारी तुम्ही खाल्ली असेल, ती पोफळ लावल्यापासून फळायला पाच-सात वर्षं जातात. तेव्हापासून कोणी "मुंबई वाचली" म्हटलं की मी विचारते, बरं, आणि गेलं कुणाकडे? यावरून घरात मला खडूस म्हणतात.

२०२१ च्या मेमधलं तौक्ते तर सबंध महाराष्ट्राचा किनारा समुद्रातूनच पार करून रात्री गुजरातला चढलं. रेषा मुंबईला शिवलीही नाही. कुलाब्याला वाऱ्याचा झोत ११४ किलोमीटरचा, सांताक्रूझला भर मे महिन्यात चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस, आणि बॉम्बे हायच्या तेलविहिरींजवळ पी-३०५ नावाचा बार्ज बुडाला, त्यावरची कितीतरी माणसं गेली. आणि गंमत बघा, म्हणजे गंमत नाही, पण जे वादळ रेषेसकट मुंबईच्या उंबऱ्यापर्यंत आलं ते कुणाला आठवतसुद्धा नाही. फयान, ११ नोव्हेंबर २००९, अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये किनाऱ्यावर आलं. फार मोठं नव्हतं, नाव मिळून किनाऱ्याला लागेपर्यंत जेमतेम दिवसभराचा अवधी. मुंबईत शाळा लवकर सोडल्या, पाऊस झाला, संपलं. रत्नागिरीकडे विचारा, तिथे अजून फयानच्या आधी आणि फयाननंतर असं बोलतात, कारण तिथले कितीतरी मच्छीमार त्या दिवशी परतलेच नाहीत.

वर्सोव्याचे एक तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचे प्रमुख, ओळखीचे आहेत, आता वय झालंय, बोटीवर मुलगा जातो. त्यांना रेषाबिषा दाखवल्या तर बघतात मन लावून, मग विचारतात, "बावटा कितीचा लागला?" बंदरावर इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे बंदरातच खराब हवा होणार, एवढं त्यांना बास. पण त्यांची स्वतःची खूण वेगळी आहे, वारा पडलेला असताना, आभाळ मोकळं असताना किनाऱ्यावर लांब लांब अंतराने मोठ्या लाटा यायला लागल्या की ते म्हणतात बाहेर कुठेतरी काहीतरी आहे. बरोबर आहे ते, वादळाच्या लाटा वादळाच्या कितीतरी पुढे धावतात. फक्त ते काही हे बघायला जागत नाहीत. त्यांना ते नको असतं, कुठल्याच नंबरचं.

तुम्हाला खरंच जे भिजवतं ना ऑक्टोबरमध्ये, त्याला तर नावही नसतं आणि रेषाही नसते. परतीच्या दिवसांत वारे फिरलेले असतात, दुपारी सह्याद्रीवर, कर्जत-मुरबाडच्या बाजूला ढग उभे राहतात आणि पावसाळ्यासारखे समुद्राकडून न येता पूर्वेकडून आपल्याकडे सरकतात. आमच्या गच्चीवरून चारच्या सुमाराला पारसिकच्या डोंगरामागे काळं दिसायला लागतं, वर माथा पसरलेला पांढराशुभ्र. मग मी जोगेश्वरीच्या वेरावलीचं रडार उघडते, बदलापूरवर लाल, मग कल्याण, मग ठाणे, आणि मधेच कधी कधी खाडीपाशी येऊन फुस्स. समुद्राकडून खारा वारा किती आत घुसलाय, हवेत किती उकाडा साठलाय, यावर सगळं. हे सकाळी कुठलंच मॉडेल गल्लीसकट सांगू शकत नाही, फार तर जिल्ह्याला येलो अलर्ट लागतो आणि लोक म्हणतात येलोच तर आहे. २५ सप्टेंबर २०२४ ची संध्याकाळ आठवा, कसलं वादळ होतं? काही नाही. आणि लोकल कोलमडल्या, लोक रात्री उशिरापर्यंत स्टेशनांवर. मला विचाराल तर असे दिवस बघायला क्यारपेक्षा जास्त मजा येते, आणि त्यात वाईट वाटायचं कारणही जास्त असतं, कारण ते ढग निघतात तिथेच, कर्जत-मुरबाडला, भात उभं असतं. वीज पडते ती वेगळीच.

तर हवं असतं का? बघायला हवं असतं. मध्यरात्री ५१ रेषा ५१ ठिकाणी असाव्यात आणि दुसऱ्या दिवशी त्या एकीकडे येत जाव्यात, आपण म्हटलं होतं तिकडेच, याची चटक आहे आणि ती जाईल असं मला वाटत नाही. पण हल्ली रेषा समुद्रात गेली म्हणून मी कोणाला "टळलं" असं लिहून पाठवत नाही. आधी पाऊस कुठवर पसरलाय ते बघते.

मामीला माझ्या रेषांशी देणंघेणं नाही. दसरा झाला की तिचा फोन येतो, आणि ती "येणार का" असं कधीच विचारत नाही, ती विचारते, "कापू का थांबू?" म्हणजे कापलं की भात दोन-तीन दिवस शेतात पसरून वाळायला हवं, मग भारे बांधायचे, मग उडवी म्हणजे भाऱ्यांची रास रचायची, आणि त्या दोन-तीन दिवसांत पडला तर सगळं गेलं. न कापता ठेवलं तर उभ्याचं आडवं होणार. यावर मला सगळ्यात जास्त घाम फुटतो. मी तिला सांगते की मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी सल्ला निघतो तो बघ, मग मी दोन्ही मॉडेलं बघते, मग म्हणते, मामी, गुरुवारपर्यंत कोरडं दिसतंय पण शुक्रवारचं काही खरं नाही. गेल्या खेपेला तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. वरचा तुकडा उद्या कापते, खालचा ठेवते. तू रात्री बघून परत फोन कर, मी जागी असते."