एकावन्न नग, पस्तीसच्या आत

संक्रांत जवळ आली की आमच्या दारात येणाऱ्या बहुतेक जणी एकाच वाक्यानं सुरुवात करतात. "ताई, एकावन्न नग हवेत, पस्तीसच्या आत बसवा की." वस्तू कोणती ते नंतर. आधी आकडा. सुरुवातीला मला याचं वाईट वाटायचं. हातानं केलेली वस्तू आधी उचलून बघावी, उलटीसुलटी करावी आणि मग भाव विचारावा, अशी माझी अपेक्षा असायची. पण समोरच्या बाईचा हिशेब एकदा नीट ऐकला आणि ते वाईट वाटणं संपलं. हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येकीच्या हातात वाण द्यायचंय, हाताशी अठराशे रुपये आहेत, आणि दिलेली वस्तू दुसऱ्या दिवशी कुणी अडगळीत टाकायला नको. तिची ही अडचण खरी आहे. आमचं काम तिथून सुरू होतं.

पण आमची सुरुवात वाणापासून झाली नाही. ती झाली सासूबाईंच्या हलव्यापासून.

सांगलीत गावभागात आमचं जुनं घर आहे. मी लग्न होऊन आले त्या पहिल्याच संक्रांतीला सासूबाईंनी स्वतः केलेले हलव्याचे दागिने मला घातले. काळी साडी आणि त्यावर पांढरा शुभ्र हार, बांगड्या, बाजूबंद, कमरपट्टा. ते काम मी पुढच्या वर्षी त्यांच्याशेजारी बसून शिकले. कोमट शेगडीवर परात, परातीत तीळ नाहीतर साबुदाणा. त्यावर चमचाभर एकतारी पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. पाक दाण्यावर सुकला की पुढचा चमचा. घाईनं दोन चमचे एकदम घातले तर दाणे एकमेकांना धरतात. पंखा लावायचा नाही, खिडकी उघडायची नाही. साबुदाण्याचा टपोरा हलवा व्हायला तीन-चार दिवस जातात आणि तिसऱ्या दिवशी कधीतरी दाण्यावर काटा दिसायला लागतो. तो दिसला की सासूबाई काही बोलत नसत, फक्त परात माझ्याकडे सरकवत. मग दागिने करायचे. तयार हलव्याला सुई टोचली तर तो फुटतो, म्हणून एकेक दाणा दोऱ्याच्या गाठीत अडकवायचा. एका हारात अशा किती गाठी जातात ते मी कधी मोजलं नाही.

शेजारच्या वहिनींच्या नातवाचं बोरन्हाण होतं. त्यांनी मुकुट, हार, वाळे आणि बासरी असा संच मागितला आणि पैसे देऊनच घेणार म्हणाल्या. सासूबाई पैसे घ्यायला तयार नव्हत्या. मी घेतले. ते आमचं पहिलं गिऱ्हाईक.

हलवा खाण्याची वस्तू, म्हणून पुढे अन्न परवान्याची नोंदणी करून घेतली. तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती. ही नोंदणी न करता घरी हलवा, चिवडा, उटण्याबरोबर फराळ विकणाऱ्या बऱ्याच जणी मला भेटतात. त्यांना मी आग्रहानं सांगते की आधी ती करून घ्या. आणखी एक गोष्ट इथेच सांगते. बाजारात थर्माकोलच्या गोळ्यांचे आणि प्लॅस्टिकच्या मण्यांचे 'हलव्यासारखे' दागिने मिळतात, आमच्या निम्म्या भावात. आमच्याकडेही मागतात. आम्ही करत नाही. बोरन्हाणाला बसलेलं मूल वर्षा-दीड वर्षाचं असतं आणि गळ्यातला हार तोंडात घालतं. तिथं साखरच पाहिजे.

हलव्याचं काम संक्रांतीपुरतं. रथसप्तमी झाली की शेगडी विझते. शिकलेले हात वर्षभर रिकामे ठेवायचे का, म्हणून इतर वस्तू आल्या. राख्या आल्या, आकाशकंदील, तोरणं, रुखवताच्या वस्तू, पाडव्याच्या वीतभर गुढ्या आल्या. मुद्रा योजनेत शिशु गटाला ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. त्यातून दोन शिलाई मशिनं घेतली. गल्लीतल्या चार जणी यायला लागल्या. आणि बटवा आला. माझ्या मते आमच्या उद्योगाचा खरा जन्म त्या बटव्यापाशी झाला, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

खण येतो गुळेदगुड्डहून, कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातून. काठाचा, चमकदार, अंगावर बारीक नक्षी. बायकांना त्याची ओळख पटवून द्यावी लागत नाही, कारण आईच्या नाहीतर आजीच्या चोळीत तो पाहिलेला असतो. त्याचा नाडी ओढायचा बटवा करायचं ठरलं. तेव्हा एक खण आम्हाला ७२ रुपयांना पडायचा. त्यातून सहा बटवे निघत, म्हणजे एका बटव्याला १२ रुपयांचा खण. आत इचलकरंजीच्या मांजरपाटाचं अस्तर, वर नाडी आणि चार कोपऱ्यांना चार मणी, यांचे मिळून ५. मजुरी नगाला ४. विक्री २५. नगामागे ४ रुपये सुटतात म्हणून मी खूश होते.

एके दिवशी आमच्याकडच्या एक वहिनी काम संपवून उठताना म्हणाल्या, "रागावू नका ताई, पण दोन घरची भांडी घासली तर मला याहून जास्त मिळतात." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्या रात्री मी घड्याळ समोर ठेवून स्वतः एक बटवा सुरुवातीपासून शेवटपर्यंत केला. चोवीस मिनिटं लागली. म्हणजे तासाला अडीच बटवे, तासाला दहा रुपये. मी आजवर खणाचा, अस्तराचा, नाडीचा हिशेब पैशापैशानं लिहीत होते आणि बाईचा वेळ वहीत कुठेच नव्हता. आमची वस्तू स्वस्त होती, कारण तिचे पैसे या वहिनी भरत होत्या. ही चूक माझी होती आणि ती मी दोन वर्षं केली.

भाव वाढवणं हा सोपा उपाय होता. पण २५ चा बटवा ३५ ला केला असता तर त्या वर्षी एकावन्न नगांची ऑर्डर एकवीसवर आली असती. मग आम्ही बटवाच पुन्हा बेतायला घेतला. पाच जणी दोन दिवस जमिनीवर खण पसरून बसलो. काठ आधी आम्ही तळाला घेत होतो, तो वर नेफ्याच्या जागी घेतला. त्यानं नेफ्याची वेगळी पट्टी वाचली आणि एका खणातून सहाऐवजी आठ बटवे निघाले. खणाचा खर्च १२ वरून ९ वर आला. मग वेळ कुठं जातो ते पाहिलं. चार कोपऱ्यांचे चार मणी हातानं शिवायलाच सहा मिनिटं जात होती. ते काढले आणि दोन मणी नाडीच्या टोकांना ओवले. बटवा उलट जास्त छान दिसायला लागला. एकीनं कापायचं, एकीनं नुसती सरळ टीप मारायची, एकीनं नाडी ओवायची, असं काम वाटून घेतलं. बारा मिनिटांत नग तयार. मजुरी ८ केली, तासाला ४० रुपये बसले. आमचे सुटतात ३. भाव तोच, २५.

तेव्हापासून आमच्या वहीत प्रत्येक वस्तूपुढे मिनिटांचा रकाना आहे. नवी वस्तू सुचली की आधी भाव ठरतो, मग मजुरी बाजूला काढली जाते आणि उरलेल्या पैशात काय बसतं ते शोधायचं. मजुरी शेवटी उरेल त्यातून द्यायची नाही. आज बटव्याचा भाव ३५ आहे आणि मजुरी १२. स्वस्त वस्तू बेतण्यात स्वस्त झाली पाहिजे.

ऑगस्ट २०१९ बद्दल सांगलीच्या माणसाला फार सांगावं लागत नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. राखी पौर्णिमा १५ ऑगस्टला होती, म्हणजे आमचा राख्यांचा सगळा माल खोक्यांत भरून तयार होता. घराच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण आहे. आम्ही त्या खुणेच्या दोन फूट वर फळ्या ठोकून खोकी ठेवली आणि विश्रामबागला बहिणीकडे गेलो. पाणी त्या फळ्यांच्याही वर गेलं.

परत आलो तेव्हा खोक्यांचा लगदा झाला होता. खणांचा रंग उतरून राख्यांच्या रेशमाला लागला होता, आणि सगळ्यावर गाळ. मशिनं उघडून, धुऊन, तेल घालून परत चालू केली. माल गेला तो गेला. ज्यांच्याकडून रेशीम आणि मणी उधारीवर आणले होते त्या व्यापाऱ्यानं दिवाळीपर्यंत पैशाचं नाव काढलं नाही. दुसऱ्या एका दुकानदाराकडे पुराच्या आधी पोचवलेल्या राख्यांचे पैसे मात्र आजतागायत आले नाहीत.

पण सगळ्यात मोठं नुकसान मला चार दिवसांनी कळलं. खिळ्याला अडकवलेले पुठ्ठ्याचे साचे गेले होते. बटवा, तोरणाची कैरी, कंदिलाची पाकळी, करंड्याचं झाकण, एकेकावर पेन्सिलनं लिहिलेली मापं. ती मापं कुणाच्याच डोक्यात पूर्ण नव्हती.

मिरजेच्या एक काकू आमच्या जुन्या गिऱ्हाईक. गणपतीच्या आधी त्या चौकशीला आल्या, मी साच्यांचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या आपला बटवा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हा उसव. माप घे आणि परत शिवून दे." आम्ही तो टीप-टीप उसवला, तुकडे इस्त्री करून नव्या पुठ्ठ्यावर ठेवले आणि कडेनं पेन्सिल फिरवली. त्यांनी ही गोष्ट चार जणींना सांगितली असावी. महिन्याभरात कुणी तोरण आणून दिलं, कुणी कंदील, एकीनं तर लेकीच्या रुखवतातला करंडा आणला. अकरा साचे असे परत मिळाले. आता सगळे साचे पत्र्याचे आहेत आणि त्यांचे मापांसकट फोटो आमच्या पाच जणींच्या फोनमध्ये आहेत.

२०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हा आम्ही गणपतीसाठी पुठ्ठ्याची घडीची मखरं सुरू केली होती. मागणी भरपूर होती. पण मखराला जागा लागते आणि पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो. पुरानंतर ते काम बंद केलं, त्याची खंत आहे.

२०२० च्या पाडव्याला, २५ मार्चला, देशभराची टाळेबंदी सुरू झाली. आमच्या वीतभर गुढ्या तशाच ट्रंकेत गेल्या. मांजरपाट होताच, त्याचे मास्क शिवले आणि त्यावर ते वर्ष काढलं.

या कामात पंचांग जवळ लागतं. राख्यांना आम्ही होळीनंतर हात घालतो, संक्रांतीच्या वाणाला दिवाळीचे कंदील उतरायच्या आत. २०२३ ला श्रावण अधिक आला, तेव्हा राखी पौर्णिमा ३० ऑगस्टला गेली आणि आम्हाला मोकळा महिना मिळाला. त्या धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यायची पद्धत. बरोबर तेहतीस बसतील अशी खणाचं झाकण घातलेली टोपली केली, आणि लेकीजावयाला देणं म्हटल्यावर त्या टोपलीच्या भावासाठी एकीनंही घासाघीस केली नाही.

सध्या एका नव्या वाणावर काम चाललंय. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि हळदीकुंकवाला सांगलीच्या बाईनं सांगलीचीच हळद वाण म्हणून द्यावी, हे मला फार दिवसांपासून वाटत होतं. मांजरपाटाची छोटी थैली, आत राजापुरी हळदीची पुडी आणि कुंकवाची डबी, तोंडाला खणाच्या कात्रणाची नाडी. बटवे कापून उरलेली लांबट कात्रणं आम्ही कधी टाकली नव्हती, ती इथं कामाला आली. ३० रुपयांत बसवायची आहे. पहिल्या खेपेला ३३ झाली. हळदीची पुडी थोडी लहान करा असं एकीनं सुचवलं, पण ते नको वाटतंय. थैलीला खाली दोन टिपा आहेत. तिथं कापड नुसतं दुमडलं तर खालची शिलाईच लागणार नाही, असं बघतोय.

हलव्याचे दागिने हवे असतील त्यांनी दत्तजयंतीपर्यंत सांगावं. त्यानंतर सांगितलं तर जीव तोडूनही होत नाहीत, काटा यायला जे दिवस लागतात ते लागतातच. बाळासाठी हवे असतील तर डोक्याचं आणि मनगटाचं माप दोऱ्यानं घेऊन तो दोराच आणून द्यावा. सेंटिमीटरमध्ये सांगितलेलं माप आमच्याकडे दोनदा चुकलं आहे, आणि मुकुट घट्ट झाला की बाळ तो ठेवत नाही.