बर्फ, ऍनिलीन आणि आमचे सर

स्मरणिकेसाठी लिही असा मेसेज आला तेव्हा ठरवलं होतं की गॅदरिंग, मैदान, सगळ्यावर थोडं थोडं लिहायचं, पण लिहायला बसले आणि सरांशिवाय दुसरं काही सुचेचना. कुठले सर ते सांगायला नको, लॅबमध्ये ज्यांच्या पांढऱ्या कोटावर पांढरा सोडून बाकी सगळे रंग असायचे, तेच.

बारावीला ऍनिलीन, म्हणजे ज्यापासून रंग बनवतात ते तेलकट रसायन, आलं तेव्हा सरांनी बाटली आमच्या हातात दिलीच नाही, लांबूनच दाखवली, कारण ते कातडीतून आत जातं आणि रक्त ऑक्सिजन नीट वाहून नेईनासं होतं. आत काळपट तपकिरी तेल. "पुस्तकात रंगहीन लिहिलंय, मग हे काय?" सगळे गप्प. मग सरांनी चिमूटभर झिंक पावडर टाकून ते डिस्टिल करायला लावलं, थर्मामीटर १८४ च्या आसपास थांबला आणि पाण्यासारखे स्वच्छ थेंब पडायला लागले. हवेने काळं पडलं होतं, बाकी काही नाही. १८२६ मध्ये पहिल्यांदा ते मिळालं तेच मुळी नीळ तापवून, आणि नाव पोर्तुगीज 'अनिल'वरून आलं तरी त्याच्या मुळाशी आपली 'नीली'च आहे, हे सांगताना सर असे खूश की जणू शोध त्यांनीच लावलाय!

नायट्रोबेंझिन, कथील आणि हायड्रोक्लोरिक ऍसिड, मग कॉस्टिक सोडा, मग वाफेबरोबर डिस्टिलेशन, ही कृती सगळ्यांनी पाठ केली असणार. ब्रोमीन वॉटर टाकलं की लगेच तीन ब्रोमीन बसून पांढरा साका पडतो, एकच हवा असेल तर "आधी ऍसिटिलचा कोट घाला, मग ते शांत होतं", हे सरांचं वाक्य मला अजून तसंच ऐकू येतं.

पण मला सांगायचंय ते डायझोच्या दिवसाबद्दल. ऍसिडमधल्या गार ऍनिलीनमध्ये सोडियम नायट्राइट घातलं की जे नाजूक संयुग बनतं, ते डायझो. सरांनी दहादा बजावलं होतं, शून्य ते पाच डिग्री, नायट्राइट थेंब थेंब, पाचच्या वर गेलं की डायझो मेलं. माझा बर्फ संपत आलेला, घंटा व्हायला आलेली, आणि मी उरलेलं नायट्राइट एकदम ओतलं. बीकरमधून बुडबुडे यायला लागले, वर बीटा नॅप्थॉल, म्हणजे डायझोशी जुळून लाल रंग देणारं रसायन, टाकलं तर लाल रंगाऐवजी मळकट चिखल. रडायचीच बाकी होते. सर आले, हाताने वारा घालून वास घेतला.

"अगं, हा कसला वास?"

"कार्बोलिक साबणाचा."

"म्हणजे?"

"...फिनॉल, सर."

"आणि बुडबुडे?"

"नायट्रोजन."

"डायझो गरम होऊन मोडलं की हेच दोन निघतात. मग फसला कुठे प्रयोग? तू दुसराच केलास. जर्नलमध्ये जे झालं तेच लिही."

आणि मग घंटा झाल्यावर स्वतः बर्फ फोडून दिला, पुन्हा करायला लावलं, स्टार्च आयोडाइडचा कागद निळा झाल्यावरच, म्हणजे नायट्राइट पुरेसं झाल्याची खूण पटल्यावरच, "आता पुरे" म्हणाले. सुती कापडाचा तुकडा बीटा नॅप्थॉलच्या कॉस्टिकमध्ये भिजवून पिळला आणि चिमट्याने त्या गार पाण्यासारख्या डायझोत सोडला, तर जिथे टेकला तिथून नारिंगी लाल रंग वर चढत गेला, दोन-तीन सेकंदांत अख्खा तुकडा! मी नुसती बघत राहिले.

आज मी पिगमेंटच्या कारखान्यात क्वालिटी बघते, ऍझो पिगमेंटच, म्हणजे याच डायझोपासून होणारे रंग. तिथे डायझोच्या टाकीत सरळ बर्फच ओततात, आणि बॅचला फेस आला की पोरं ती लपवायच्या आधी मी विचारते, वास कसला येतोय? कुणी बिघडलेलं जसं झालं तसं लिहून आणलं तर मी ओरडत नाही. भाचीला हाच प्रयोग व्हिडिओवर दाखवला म्हणे, परीक्षेला चालतोही. तिला विचारलं डायझो गरम झालं तर काय होतं, तर म्हणाली, व्हिडिओत झालंच नाही गं मावशी.

तो तुकडा जर्नलमध्ये चिकटवलेला अजून आहे, फोटो सोबत पाठवलाय. छापताना तेवढं बघा, रंग नारिंगी लाल आहे, मागच्या अंकासारखा गुलाबी नका करू.