गुलछडीचं बेणं निवडताना

गुलछडीच्या (निशिगंधाच्या) प्लॉटमध्ये फुलांचे दांडे पुढेमागे येऊ लागले, काही गड्ड्यांना तर दांडाच नाही, की पहिला संशय खतावर जातो आणि युरियाचं पोतं फुटतं. चूक बहुतेकदा लागवडीच्याच दिवशी झालेली असते. थोरले कंद आणि पिल्ली एकाच सरीत गेलेली असतात.

एकदा दांडा दिलेला कंद पुन्हा फुलत नाही. पुढचं पीक त्याच्या भोवती धरलेल्या पिल्लांचं. डबलला, म्हणजे दाट पाकळ्यांच्या जातीला, बी धरत नाही, त्यामुळे तिथे तर दुसरा मार्गच नाही. पानं पिवळी पडू लागली की पाणी तोडायचं, दोन-तीन आठवड्यांनी गड्डे काढून पिल्ली हातानं सुटी करायची. बुडाची चकती, जिथून मुळं फुटतात ती, प्रत्येक पिल्लाला शाबूत हवी. ती तुटलेलं पिल्लू मुळं धरत नाही, मातीत सडतं.

सुपारीएवढे, म्हणजे २ ते ३ सेंमी जाडीचे कंद फुलांसाठी. दीड सेंमीच्या आतली पिल्ली वर्षभर नुसती पोसायची. मधले कंद दांडा देतात, पण बारीक आणि कमी कळ्यांचा. सुट्या फुलांसाठी लावलेल्या सिंगलमध्ये (एकेरी पाकळ्यांच्या जातीत) ते खपून जातात. काडीसाठी, म्हणजे अख्खा दांडा विकण्यासाठी, लावलेल्या डबलमध्ये अजिबात नकोत.

काढलेलं बेणं लगेच लावलं तर उगवण एकसारखी होत नाही, कारण कंद सुप्तावस्थेत असतो. चार ते सहा आठवडे सावलीत, हवेशीर जागी पातळ पसरून ठेवा, अधूनमधून परता. ढीग घातला तर मधले कंद घाम धरतात आणि बुरशी लागते.

लागवड एप्रिल-मेमध्ये. आधी लिटरला २ ग्रॅम कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात अर्धा तास बुडवून सुकवायचे. (ट्रायकोडर्मा वापरणार असाल तर शेणखतातून आणि काही दिवसांनी, दोन्ही एकदम म्हणजे आपणच आणलेली चांगली बुरशी आपणच मारणं.) फुलांच्या कंदांना ३० × २० सेंमी अंतर, खोली ५ ते ६ सेंमी, टोक वर. पिल्लांचा वाफा वेगळा: १५ × १० सेंमी, खोली ३ सेंमी. त्यात चुकार दांडा आलाच तर कोवळा असतानाच खुडा.

दौंड-बारामतीकडच्या भारी काळ्या रानात गादीवाफ्याशिवाय लावू नये. पावसाळ्यात पाणी साचलं की बुडाशी पांढरे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसतात. ही खोडकूज. तो गड्डा मातीसकट बाहेर काढून नष्ट करायचा. मुळांवर गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमी (मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे कृमी), असलं बेणं फुकट मिळालं तरी घेऊ नका. आधी वांगी-टोमॅटो घेतलेल्या रानातही त्या पिकांच्या मुळांवरच्या गाठी तपासूनच लावा.

पुण्याच्या गुलटेकडी बाजाराला जाणारी डबलची काडी खालच्या एक-दोन कळ्या उमलल्यावर, पहाटे कापायची. त्याआधी कापली तर वरच्या कळ्या मिटलेल्याच राहतात. बुडाशी चार-पाच सेंमी सोडून धारदार चाकूनं कापा. ओढून तोडली तर शेजारचं पिल्लूही हलतं, आणि पुढच्या वर्षीचं बेणं तेच असतं.