पाकळीला परत हात लावायचा नाही

गेले पाच शनिवार मी गुलाब काढतोय. इकडे इंग्लंडात कॅनॉलच्या बोटींवर काढतात तो, लाल पिवळा पांढरा, एकदम ठसठशीत, आणि आतापर्यंत माझे जेवढे झालेत त्यातले निम्मे कोबी आहेत आणि उरलेले बीट.

बर्मिंगहॅमला राहायला आलो तेव्हा या गावात कॅनॉल आहेत हेच मला माहीत नव्हतं. मग कळलं की आमच्याकडे व्हेनिसपेक्षा जास्त मैल कॅनॉल आहेत हा इथल्या लोकांचा लाडका डायलॉग आहे (व्हेनिसवाल्यांना कोणी विचारलंय का, देव जाणे). ऑफिसमधून येताना गॅस स्ट्रीट बेसिनला चक्कर टाकायची सवय लागली, तिथे या नॅरोबोटी बांधलेल्या असतात, लांबी ७० फूट आणि रुंदी जेमतेम ७, कारण लॉकच (बोट वरच्या किंवा खालच्या पातळीच्या पाण्यात नेणारे दरवाजांचे हौद) तेवढे अरुंद. एका बोटीच्या छपरावर धुराड्याला टेकून पाण्याचा कॅन ठेवला होता आणि त्यावर गच्च गुलाब. तो बघून मला पहिली आठवण झाली ती आपल्या ट्रकच्या फाळक्याची.

मिरजेला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पेंटर होते, सगळे त्यांना पेंटरच म्हणायचे, खरं नाव बहुतेक पोस्टमनलाच माहीत असावं. दुकानांच्या पाट्या, नंबर प्लेटी, ट्रकच्या मागे कमळ, मोर, आईवडिलांचा आशीर्वाद, सगळं तेच करायचे. टोकाला चिंधी गुंडाळलेली एक काठी डाव्या हातात, तिच्यावर उजवं मनगट टेकवलेलं आणि ब्रश असा सरकायचा की आम्ही पोरं शाळेला उशीर झाला तरी हलायचो नाही. तर इथल्या क्लासच्या दारात पाऊल टाकलं आणि नाकात ऑइल पेंट न टर्पेंटाइनचा तोच वास, टेबलावर तशीच चिंधीची काठी. फी किती हे मी नंतर विचारलं.

शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या आहेत आणि कमी बोलतात. या कलेला इथे रोझेस अँड कॅसल्स म्हणतात, म्हणजे गुलाब आणि किल्ले, नाव ऐकून वाटतं काय काय असेल पण खरंच तेवढंच असतं. गुलाबाची रीत अशी. आधी गडद रंगाचा नुसता गोळा काढायचा, लाल फुलाला मरून, पिवळ्याला खाकी तपकिरी, पांढऱ्याला गुलाबी. तो रात्रभर वाळू द्यायचा. मग दुसऱ्या दिवशी त्या गोळ्यावर उजळ रंगात पाकळ्या, आणि एक पाकळी म्हणजे ब्रशचा एकच फटका. लांब केसांचा ब्रश रंगात नीट भिजवायचा, टेकवायचा, दाबायचा, पोट फुगलं की वळवत वळवत उचलायचा, शेपूट बारीक होत संपली पाहिजे. थोडक्यात स्वल्पविराम. शाळेत आमच्या मराठीच्या बाई माझ्या वहीवर लाल शाईने लिहायच्या की विरामचिन्हे कुठे आहेत, त्यांना सांगायला हवं की आता वयाच्या चाळिशीत शनिवारी दोनदोनशे काढतोय.

आणि नियम एकच, पाकळीला परत हात लावायचा नाही. वाकडी गेली तर गेली, पुढची काढा.

हे मला जमत नाही. मी दोन ओळींचं ईमेल चारदा वाचून पाठवणारा माणूस, माझा पोटापाण्याचा धंदाच दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढणं. कड जरा फाटली की ब्रश आपोआप तिकडे जातो, जरासं सारखं करतो, मग शेजारची बिघडते, तिला सारखं करतो, आणि खालचा गडद गोळा, ज्याच्यामुळे पाकळ्या उठून दिसायच्या, तो पार झाकला जातो की झाला कोबी. बाई मागून येतात, बघतात, व्हाइट स्पिरिटचं फडकं पुढे सरकवतात. सरावासाठी जुनी पत्र्याची ताटली दिलेली असते, पुसा आणि परत सुरू. माझी ताटली आता इतकी स्वच्छ आहे की तिच्यात जेवता येईल.

खरं तर हे काम घाईचंच होतं. रेल्वे आली, मालवाहतुकीचे दर पडले, किनाऱ्यावर घर ठेवणं परवडेना म्हणून बोटवाल्यांनी बायकापोरं बोटीवर आणली, बोटीचा बाकी सगळा भाग कोळशाला आणि राहायला मागची १० बाय ७ ची केबिन. त्यात शेगडी, रात्री आडवी टाकायची फळी म्हणजे पलंग, कपाटाचं दार खाली पाडलं की जेवायचं टेबल. त्या दारावर किल्ला, बाकी मोकळ्या जागेवर गुलाब. कॅन तर रोज हाताळायचा, प्यायचं पाणी त्यातच, त्याला बकबी कॅन म्हणतात कारण लाँग बकबीच्या लॉकपाशी ते मिळायचे. रंग उडाला की डॉकवर, म्हणजे बोटी बांधायच्या नि दुरुस्त करायच्या जागी, परत रंगवून घ्यायचा, पेंटरला पुढची बोट वाट बघत असायची, तो कुठे कड सारखी करत बसणार. जाणकार लोक म्हणे नुसता गुलाब बघून डॉक ओळखतात, ब्रॉन्स्टनच्या फ्रँक नर्सरचा हात तर लांबून कळतो असं म्हणतात. माझाही कळेल, पण ते सोडा.

किल्ल्याचं मला जास्त कौतुक आहे. लाल टोप्यांचे बुरुज, पुढे तळं, त्यात शिडाचं होडकं, कमानीचा पूल, मागे डोंगर, आणि असा किल्ला कॅनॉलच्या काठी कुठ्ठे नाही. हे आलं कुठून यावर वाद आहेत, कोणी जिप्सींच्या गाड्यांकडे बोट दाखवतं, कोणी इथल्याच बिल्स्टन वुल्व्हरहॅम्प्टनच्या रंगीत पत्र्याच्या ट्रेंकडे. मी ट्रेच्या बाजूने. कारण काही नाही, वुल्व्हरहॅम्प्टन आमच्यापासून जवळ आहे.

१९४८ ला बराचसा कॅनॉलचा धंदा सरकारी झाला, १९६२-६३ च्या हिवाळ्यात कॅनॉल आठवडेच्या आठवडे गोठले आणि आधीच मोडकळीला आलेली मालवाहतूक जवळपास आटोपलीच. बोटी आता सुट्टीच्या आहेत, गुलाब मात्र राहिले.

तर परवा बाईंनी मला पहिल्यांदा ताटलीऐवजी खरा कॅन दिला, छोटा, हिरवा हात मारून वाळवलेला. गोळे क्लासमध्ये काढले, पाकळ्या रविवारी घरी. आणि काय झालं कोणास ठाऊक, एक लाल गुलाब आला. म्हणजे खरंच गुलाब. फक्त तिसरी पाकळी जराशी बुटकी होती. बायको म्हणाली, "आता उठ, ब्रश धुवून टाक आणि त्याच्याकडे बघू पण नकोस." मी शहाण्यासारखा उठलो, कॅन फ्रिजवर ठेवला, झोपलो. रात्री दोनला पाणी प्यायला म्हणून आलो, दिवा न लावता, फ्रिजच्या उजेडात बघितलं तर ती पाकळी फारच बुटकी वाटली, आणि वाळलीय का एवढंच बघायला म्हणून हात वर गेला.

सकाळी बायको चहा गाळता गाळता हसतेय. लाल पाकळीवर माझा अंगठा उमटलाय, सगळ्या रेषांसकट.